अळी कुणाची, अंडी कुणाची? घरातले आणि रानातले किडे-कोळी सगळ्या वयात कसे ओळखायचे

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, भावाची द्राक्षबाग आहे. चार वर्षांपूर्वी जानेवारीत घडांत मिलीबग (पिठ्या ढेकूण) शिरला, आणि मी, वहिनी, भाचा असे सगळे जुने टूथब्रश घेऊन बसलो, जे जे पांढरं लोकरीसारखं दिसेल ते चिरडायचं. त्यात काही पांढरे जरा मोठे होते, अंगावर मेणाचे लांब दोरे, आणि हात लावला की भराभरा पळायचे. ते तर आम्ही आधी मारले कारण वाटलं हेच सगळ्यात जास्त माजलेत. भाच्यानं त्यातले दोन बाटलीत घातले, सोबत मिलीबग लागलेली एक काडी. आठवड्यात काडीवरचा मिलीबग साफ झाला. मग ते दोघं बाटलीच्या कडेला चिकटून गप्प बसले आणि आणखी आठ-दहा दिवसांनी त्यातनं बाहेर आला नारिंगी डोक्याचा, काळपट तपकिरी पाठीचा, ज्वारीच्या दाण्याएवढा ढालकिडा. क्रिप्टोलेमस. मिलीबग खाणारा, लोक पैसे देऊन विकत आणून बागेत सोडतात तो. त्याची अळी हुबेहूब मिलीबगसारखी दिसते आणि आम्ही दिवसभर वेचून वेचून तीच मारली होती.

मला त्या दिवसाचं अजून वाईट वाटतं. आणि तेव्हापासून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की किड्याचा मोठेपणीचा फोटो बघून काही उपयोग नसतोय, त्याचं लहानपण ओळखता आलं पाहिजे. कारण किडा आयुष्यातला बराच काळ लहानपणीच्या रूपात असतो आणि ते रूप बऱ्याचदा आईबापासारखं अजिबात नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, मी स्वतः जसं शिकले त्याच क्रमानं.

पहिलं काम: पाय मोजा

कुठलाही जीव दिसला की आधी पाय. सहा पाय, शरीराचे तीन भाग म्हणजे डोकं, छाती, पोट, आणि डोक्यावर मिशांची एक जोडी, तर तो कीटक. आठ पाय, शरीर दोनच भागांत, मिशा नाहीत, पंख तर कधीच नाहीत, तर तो कोळी. कोळ्याच्या तोंडापाशी दोन बारके हातासारखे अवयव असतात त्यांना पाय समजून दहा मोजू नका. गोम आणि पैसा (वाणी) हे दोन्हीत बसत नाहीत. गोमेला शरीराच्या प्रत्येक कड्याला पायांची एक जोडी, पैशाला बहुतेक कड्यांना दोन-दोन जोड्या, एवढ्यावर सोडून द्या.

आता मृगाचा किडा घ्या. पहिला मोठा पाऊस पडला की रानात लाल मखमलीचे ठिपके फिरायला लागतात, लहानपणी आपण सगळ्यांनी ते काडेपेटीत भरलेत. नाव किडा, पण पाय मोजले तर आठ! म्हणजे तो कीटक नाही, कोळ्याच्या भाऊबंदातला, माइट. आणि गंमत बघा, त्याच्या अंड्यातनं नुकत्या निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, ते पिल्लू नाकतोड्यासारख्या दुसऱ्या किड्याच्या अंगाला चिकटून राहतं आणि नंतर मोठं होताना आठ पायांचं होतं. त्यामुळं नाकतोड्याच्या पंखाखाली लाल मण्यासारखे दाणे दिसले तर ती नाकतोड्याची अंडी नसतात.

सामान काय लागतं

जास्त काही नाही. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, ते नसेल तर मोबाईलचा कॅमेरा मॅक्रोवर. रुंद तोंडाच्या दोन-तीन काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरण्या, जुन्या सुती साडीचे तुकडे, रबरबँड, मऊ रंगाचा ब्रश, आणि एक वही. वहीत तारीख, झाड कुठलं, पानाच्या वर का खाली, किती दिसले, एवढं लिहायचं. झाडाचं नाव सगळ्यात महत्त्वाचं, कारण बऱ्याच फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक झाडांवरच वाढतात, त्यामुळं झाड कळलं की निम्मी ओळख तिथंच पटते.

दुसरं काम: लहानपण कुठल्या तऱ्हेचं ते ठरवा

कीटकांमध्ये वाढायच्या दोन मोठ्या तऱ्हा आहेत.

एका तऱ्हेत अंडी, अळी, कोष आणि मग पंखवाला मोठा किडा असे चार टप्पे. फुलपाखरं, पतंग, भुंगे, माश्या, डास, मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या सगळे ह्यातले. अळीचं काम फक्त खाणं आणि वाढणं. कातडी वाढत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा कात टाकते. कोषात बाहेरनं काही हालचाल दिसत नसली तरी आत जुनं शरीर मोडून नवं बांधायचं काम चालू असतं. आमच्या शेजारच्या काकू म्हणायच्या कोषात किडा झोपलाय, पण झोपलेला नसतोय हो, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तिथं चाललेलं असतं.

दुसऱ्या तऱ्हेत कोष नाहीच. अंड्यातनं निघतं ते पिल्लूच आईबापासारखं, फक्त बारकं आणि बिनपंखाचं. नाकतोडा, रातकिडा, झुरळ, ढेकूण, तुडतुडे, मावा, वाळवी, प्रार्थना कीटक हे ह्यातले. प्रत्येक कातीबरोबर पिल्लू मोठं होतं आणि ज्यांना पंख येणार त्यांच्या पाठीवर पंखांचे बारके कोंब दिसायला लागतात. घरात कधीतरी पांढरंफेक झुरळ दिसतं आणि लोक घाबरतात की ही कुठली नवीन जात. नवीन काही नाही, नुकतीच कात टाकलेलं झुरळ ते, काही तासांत त्याचं अंग कडक होऊन पुन्हा तपकिरी होतं. कपाटाच्या कोपऱ्यात राजम्यासारखी बारकी गडद डबी सापडली तर ती झुरळाच्या अंड्यांची, आपल्याकडच्या मोठ्या लाल झुरळाच्या एका डबीत साधारण चौदा ते सोळा पिल्लं असतात, तेव्हा नुसतं मोठं झुरळ मारून भागत नाही. उलट काडीवर वाळलेल्या फेसासारखा तपकिरी गोळा दिसला तर तो तोडू नका, ती प्रार्थना कीटकाची अंडी, त्यातनं डझनावारी पिल्लं निघून बाकीचे किडे खातात.

मधमाशीचं एक सांगते कारण सातारा जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे, महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पेटीतल्या मेलिफेरा माशीचं अंडं तीन दिवस अंडंच राहतं, मग अळी, मग कोष. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत बाहेर येते, नर २४ दिवसांत, आणि राणी फक्त १६ दिवसांत. कामकरी आणि राणी ह्यांचं अंडं एकाच प्रकारचं असतं बरं का, फरक पडतो तो अळीला काय आणि किती दिवस खायला मिळालं त्याचा.

तिसरं काम: एक अळी स्वतः वाढवा

वाचून शंभर गोष्टी कळतील पण एक अळी अंड्यापासून फुलपाखरापर्यंत बघितली की नजर तयार होते, ह्याला दुसरा रस्ता नाही. सुरुवातीला सगळ्यात सोपं म्हणजे लिंबाचं फुलपाखरू, काळं-पिवळं, शेपटी नसलेलं, मागच्या पंखावर लाल ठिपका. सांगलीत विश्रामबागेत मी राहते तिथं गच्चीवर कुंडीत कढीपत्ता आहे आणि जून ते नोव्हेंबर त्यावर काही ना काही असतंच.

अंडं शोधा. कोवळ्या पानावर, फिकट पिवळं, मोहरीपेक्षा बारीक, एकेकटं घातलेलं. मादी पानाला क्षणभर टेकते आणि उडते, परत टेकते, तसं करताना दिसली की ती जिथं टेकली तिथं बघायचं. अख्खी डहाळी कापून आणा, अंडं पानावरनं सुटं करायला जाऊ नका.

डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत उभी करा आणि बाटलीच्या तोंडाशी कापूस गच्च बसवा. हे विसरू नका, कारण अळी देठावरनं खाली उतरते आणि पाण्यात पडून मरते, माझ्या पहिल्या दोन अशाच गेल्या. हे सगळं मोठ्या बरणीत, तळाला टिश्यू, तोंडाला साडीचा तुकडा आणि रबरबँड. उन्हात ठेवायचं नाही. बाजारातनं आणलेला कढीपत्ता चालत नाही, त्यावर औषध मारलेलं असू शकतं, एका रात्रीत अळी काळी पडून जाते. स्वतःच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या झाडाचाच पाला.

तीन-चार दिवसांत अंडं काळपट पडतं आणि अळी निघते, बऱ्याचदा आधी अंड्याचं टरफलच खाते. आता नीट बघा. ती काळपट तपकिरी आणि मधे पांढरा पट्टा, ओलसर चकाकी, म्हणजे अगदी चिमणीची शिट पडल्यासारखी! पक्ष्यानं बघून सोडून द्यावं म्हणून हे रूप. चार वेळा कात टाकेपर्यंत ती अशीच राहते आणि पाचव्या टप्प्यात एकदम हिरवीगार होते, पानात दिसतच नाही. पहिल्यांदा वाढवणाऱ्याला वाटतं आपली अळी पळाली आणि ही दुसरीच आली. कात टाकायच्या आधी ती एक दिवस खात नाही, हलत नाही, तेव्हा मेली समजून टाकून देऊ नका आणि ढोसू पण नका.

हिरव्या अळीच्या मानेजवळ ब्रशनं हळूच टेकवा. डोक्यामागनं नारिंगी-लाल दोन शिंगं बाहेर येतात आणि लिंबाच्या सालीसारखा उग्र वास येतो. ही शिंगं चावत नाहीत, मऊ असतात, मुंग्या आणि गांधीलमाश्यांना हाकलायला आहेत. एकदाच करून बघा, सारखं करू नका, अळीला त्रास होतो.

रोज सकाळी टिश्यू बदला, ताजा पाला द्या. अळी हातानं उचलू नका, जुन्या पानासकट नवीन पानावर ठेवा, ती स्वतः जाते. साधारण दोन आठवड्यांनी ती खाणं सोडते, एकदम पातळ विष्ठा टाकते आणि बरणीभर फिरत सुटते. घाबरू नका, ती कोषाची जागा शोधतेय. बरणीत एक-दोन उभ्या काड्या ठेवा. काडीवर रेशमाची गादी करून त्यात मागचं टोक अडकवते आणि कमरेभोवती रेशमाचा एक दोरा घालते, नारळाच्या झाडावर चढणारा माणूस कमरेला दोर घालतो तसा. मग एक-दीड दिवसात शेवटची कात पडते आणि कोष. हिरव्या पानांत असेल तर बऱ्याचदा कोष हिरवा, काडीवर असेल तर तपकिरी. ह्या दिवसांत बरणी हलवायची नाही.

आठ-दहा दिवसांनी, थंडीत जास्त, कोष गडद होतो आणि आतल्या पंखांची काळी-पिवळी नक्षी आरपार दिसायला लागते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून बसा कारण बहुतेक वेळा सकाळीच फुटतो. बाहेर येतं ते ओलं, चुरगळलेलं, पोट फुगलेलं. ते उलटं लटकून पोटातला द्रव पंखांत ढकलतं आणि पंख उलगडत जातात. खाली लालसर थेंब पडले तर ते रक्त नाही, कोषात साठलेली घाण आहे. लटकायला जागा मिळाली नाही तर पंख वाकडेच वाळतात आणि ते कधीच उडत नाही, म्हणून बरणी मोठी घ्या म्हणते. दोन-तीन तास वाळू द्या आणि मग गच्चीवर सोडा.

कढीपत्त्यावर अगदी अशीच अळी मॉर्मन फुलपाखराची पण असते, काळं, पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, शेपटीवालं. त्याच्या काही माद्या लाल ठिपक्यांच्या ‘कॉमन रोज’ नावाच्या फुलपाखरासारख्या दिसतात, कारण कॉमन रोज विषारी असतं आणि पक्षी त्याला टाळतात. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन ह्याच घराण्यातलं, २०१५ साली जाहीर झालं.

कधीकधी कोषातनं फुलपाखरू येतच नाही. कोषाला एक बारकं भोक दिसतं आणि बरणीत मुंगीपेक्षा लहान, पंखवाले, चकचकीत जीव फिरत असतात. त्या परजीवी गांधीलमाश्या, कोष मऊ असतानाच आईनं आत अंडी घातलेली असतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी रडकुंडीला आले होते. पण त्यांनाही सोडून द्या, लिंबाच्या बागायतदाराला त्यांच्यामुळंच तर आधार मिळतो.

लिंबू जमलं की रुईच्या झाडाकडं जा, पांढरे-काळे-पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या दोऱ्यांच्या तीन जोड्या असलेली अळी म्हणजे प्लेन टायगर फुलपाखराची. आणि कण्हेरीच्या पानाखाली आरशासारखा चकचकीत चंदेरी कोष लटकलेला दिसला तर तो कॉमन क्रो फुलपाखराचा. रुई आणि कण्हेर दोन्ही विषारी, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

रानात गेल्यावर

इथं परत पायच मोजायचे, पण अळीचे. पुढं छातीला तीन जोड्या खरे पाय आणि मागं पोटाला जास्तीत जास्त पाच जोड्या मऊ गुबगुबीत पाय, तर ती फुलपाखराची किंवा पतंगाची. पोटाला पाचपेक्षा जास्त जोड्या, आणि मोहरी-मुळ्यावर असेल, तर ती करवती माशीची, दिसायला अळीच पण घराणं गांधीलमाशीचं. पुढं तीन जोड्या आणि पोटाला काहीच नाही तर बहुतेक भुंग्याची. पायच नाहीत तर बहुतेक माशीची.

मक्यावर अळी दिसली की डोकं बघा. कपाळावर उलट्या इंग्रजी वायसारखी फिकट खूण आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके, तर ती अमेरिकन लष्करी अळी, २०१८ साली आपल्या देशात पहिल्यांदा दिसली तीच. तिची अंडी पानावर पुंजक्यानं, वर केसांचं पांघरूण. हा पुंजका दिसताक्षणी पान मोडून चिरडला तर काम एका मिनिटाचं असतंय, नंतर अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, शिरली की औषध पोचत नाही. कोष पानावर शोधू नका, तो मातीत असतो.

मावा दिसला की लगेच पंप उचलू नका. त्यातच पिवळी, टोकदार, उभी मांडलेली अंडी दिसतील, आणि छोट्या मगरीसारखी काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी. ती ढालकिड्याची. लाल, ठिपकेवाला मोठा किडा सगळ्यांना माहीत असतो, त्याची अळी मात्र बघितली की बहुतेक जण चिरडतात, आणि मावा खायच्या बाबतीत अळी काही कमी नसते. पानावर केसासारख्या दांड्यांच्या टोकाला पांढरे दाणे उभे असतील तर ती क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्या जाळीदार पंखांच्या मित्रकिड्याची अंडी. दांडी कशाला, तर मुंग्यांपासून आणि आधी फुटलेल्या भावंडांपासून वाचायला.

उसाचं तर आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा आला, पानाखाली पांढरा थर, खाली चिकट थेंब आणि त्यावर काळी बुरशी. तेव्हा त्याच पांढऱ्या थरात जाळी करून राहणाऱ्या बारक्या अळ्या पण दिसायच्या, आणि बऱ्याच जणांना वाटलं ही दुसरी कीड. ती होती डिफा, पतंगाची अळी असून पाला न खाता मावा खाणारी. सोबत मायक्रोमस, क्रायसोपाचा तपकिरी चुलतभाऊ. पुढं हे मित्रकिडे पानांसकट एका फडातनं दुसऱ्या फडात नेऊन सोडले जायला लागले.

हुमणीबद्दल, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीबद्दल, सगळ्यात जास्त विचारतात. वळवाचा चांगला पाऊस झाला की संध्याकाळी अंधार पडताना तपकिरी भुंगेरे जमिनीतनं निघून कडुलिंब-बाभळीवर गोळा होतात, पाला खातात, जोड्या लागतात आणि पहाटे परत मातीत. मादी मातीत अंडी घालते, त्यातनं इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी पांढरी अळी निघते आणि तीन टप्प्यांत मोठी होत पावसाळाभर मुळं खाते. मग मातीतच कोष, त्यातनं भुंगेरा तयार होतो पण बाहेर येत नाही, पुढच्या वळवापर्यंत आतच बसून राहतो. वर्षाला एकच पिढी. म्हणजे हिशेब सरळ आहे, मे-जूनच्या त्या थोड्या संध्याकाळी झाडं हलवून भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले तर पुढची अंडीच पडत नाहीत, आणि हे एकट्यानं नाही, सगळ्या शिवारानं करायचं असतंय.

शेणखतात पण तशाच पांढऱ्या अळ्या असतात आणि सगळ्यांना हुमणी म्हणतात. एक सोपी पारख सांगते. अळी सपाट फरशीवर ठेवा. पाय वर करून पाठीवरच सरपटत निघाली तर ती फुलभुंग्याची, कुजलेलं खाऊन खत बनवणारी, तिला खड्ड्यात परत टाका. अंगठ्याएवढी जाड असेल तर गेंड्या भुंग्याची असू शकते, तो मोठा झाला की नारळाचा शेंडा पोखरतो, ती ठेवू नका. आणि कुशीवर वाकडी पडून राहिली, वर उसाची मुळी खाल्लेली दिसली, तर हुमणी समजा.

मिलीबग आणि क्रिप्टोलेमसची अळी ह्यातला फरक पण सांगून ठेवते: मिलीबग कमी हलतो, गुलाबीसर चपटा, मेणाची झालर आखूड. अळी मोठी, दोरे लांब आणि वेडेवाकडे, आणि ब्रशनं टोचली की चालायला लागते. खात्री नसेल तर भाच्यानं केलं तेच करा, बाटलीत मिलीबगच्या काडीसोबत ठेवा आणि दोन दिवस थांबा. खोडावरनं मुंग्यांची रांग चढत असेल तर ती आधी तोडा, त्या चिकट गोडासाठी मिलीबगची राखण करतात.

पाण्यातलं लहानपण

डासाच्या अळ्या बादलीत वळवळताना सगळ्यांनी बघितल्यात. डोकं खाली, शेपटी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून तिरकी लटकलेली अळी एडिस किंवा क्युलेक्सची, पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली ॲनॉफिलीसची, म्हणजे मलेरियावाल्या डासाची. स्वल्पविरामासारखा वाकडा आणि खात नसलेला जीव म्हणजे कोष. उन्हाळ्या-पावसाळ्यात हे सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं म्हणून आठवड्यातला एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि महिनोन्‌महिने कोरडी राहून पुन्हा पाणी लागलं की फुटतात, म्हणून काथ्यानं घासायचं. चतुराचं पिल्लू पण पाण्यातच वाढतं, खालचा ओठ झटक्यात बाहेर फेकून डासाच्या अळ्या पकडतं. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर किंवा विहिरीच्या कडेच्या गवतावर पाठीला चीर पडलेली रिकामी खोळ चिकटलेली दिसते ती चतुराचीच.

"कोळी मुतला" म्हणतात ते काय

पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा डोळ्याजवळ लाल पट्टा, आग, मग बारके फोड, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं कोळी मुतला. कोळी असलं काही करत नाही. बऱ्याचदा तो लाइटला आलेला एक बारका लांबट किडा असतो, नारिंगी-काळे पट्टे, मुंगीसारखा दिसणारा, पेडेरस भुंगा. तो चावत नाही, अंगावर चिरडला की त्याच्या अंगातला द्रव कातडी जाळतो. अंगावर बसला तर फुंकरीनं उडवा. चिरडला गेलाच तर लगेच साबण-पाण्यानं धुवा, तो हात डोळ्याला लावू नका, आणि डोळ्यापाशी झालं असेल तर डॉक्टरकडे जा. असेच एका बाजूला पट्ट्यानं येणारे फोड नागिणीचे पण असतात, त्याला औषध वेगळं आणि ते लवकर सुरू करावं लागतं, म्हणून अंदाजानं लेप लावत बसू नका.

आता कोळी

कोळ्याला अळी नाही, कोष नाही. आई रेशमाची पिशवी विणून त्यात अंडी घालते आणि त्यातनं बाहेर येतात ते बारके कोळीच. मग कात टाकत टाकत मोठे होतात. कपाटामागं सापडणारा वाळलेला, पाय पसरलेला "मेलेला कोळी" बऱ्याचदा नुसती कात असते, उचलून उजेडाकडं धरा, आरपार पोकळ दिसते. लहान कोळ्याचा पाय तुटला तर पुढच्या कातींमध्ये परत येतो. नर ओळखायचा असेल तर तोंडाजवळचे ते दोन हात बघा, टोकाला गाठीसारखे फुगलेले असतील तर मोठा झालेला नर. पिशवीवरनं आई ओळखणं सगळ्यात सोपं आहे.

छताच्या कोपऱ्यातला काडीसारख्या लांब पायांचा कोळी अंडी तोंडात धरून बसतो, पातळ जाळीत गुंडाळलेला दाण्यांचा गोळा, आणि फुंकर मारली की सगळं जाळं गदागदा हलवतो. रानात जमिनीवर पळणारा लांडगा कोळी पिशवी मागच्या टोकाला बांधून हिंडतो, आणि पिल्लं निघाली की सगळी आईच्या पाठीवर चढतात. रात्री बॅटरी कपाळाजवळ धरून गवतात बघा, त्यांचे डोळे दवाच्या थेंबासारखे चमकतात, एकदा भुईमुगाच्या रानात मला ते इतके दिसले की पाय कुठं टाकू कळेना. कुंपणाच्या बाभळीवर-बोरीवर मळकट कापसासारखं दाट जाळं असतं ती कोळ्यांची अख्खी वसाहत, त्यांच्यातल्या आया पिल्लांना स्वतःचं शरीर खाऊ घालतात. गोल जाळ्याच्या मधे पांढऱ्या जाड रेशमाची नागमोडी रेघ आणि पाय दोन-दोन जोडून इंग्रजी एक्ससारखी बसलेली मादी, ती सिग्नेचर कोळीण. कोयनेकडं पावसाळ्याच्या शेवटी गेलात तर वाटेवर आडवं सोनेरी झाक असलेलं मोठ्ठं जाळं लागतं, त्यात तळहाताएवढी मादी आणि तिच्या वरच्या कडेला नखाएवढा नर. तो पिल्लू नाही, पूर्ण वाढलेला नवराच आहे.

आणि घरातली ती मोठी, चपटी, तपकिरी कोळीण, भिंतीवरनं सर्रकन पळणारी, जिला बघून पोरं पलंगावर चढतात. ती जाळं करत नाही, रात्री हिंडून झुरळं धरते. तिच्या पोटाखाली पांढरं चपटं बटणासारखं दिसलं तर ती अंड्यांची पिशवी, ती पिशवी सोडून ती कुठं जात नाही, खातही फारसं नाही. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत नेमकी हीच झाडूखाली सापडते. धुळीची रिकामी जळमटं खुशाल काढा, पण हिच्यासाठी रुंद तोंडाचा ग्लास आणि जुनी लग्नपत्रिका जवळ ठेवा. ग्लास भिंतीवर अलगद पालथा घालायचा, पाय चेंगरणार नाहीत असा, मग पत्रिका भिंत आणि ग्लासाच्या मधनं हळूहळू सरकवायची, ती स्वतः पाय उचलून घेते, आणि पत्रिका दाबून ग्लास बाहेर न्यायचा. अंगणात दगडाच्या किंवा कुंडीच्या आडोशाला ग्लास आडवा ठेवा आणि बाजूला व्हा. ती लगेच निघत नाही, थोडा वेळ तशीच बसते, मग पिशवी सांभाळत कुंडीमागं जाते.